ब्लडलाइन्स पुन्हा खेळताना: पॅच, क्लॅन आणि शेवटच्या टप्प्याची तयारी

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘व्हॅम्पायर: द मॅस्करेड – ब्लडलाइन्स’ हा 2004 सालचा, लॉस एंजेलिसमध्ये व्हॅम्पायर होऊन खेळायचा भूमिकाप्रधान गेम (आरपीजी) बऱ्याच वर्षांनी, नव्या संगणकावर पुन्हा खेळायचा आहे. कोणती आवृत्ती घ्यावी, पॅच (चुका दुरुस्त करणारी फाइल) कसा बसवावा, कोणता क्लॅन (व्हॅम्पायरांचे कूळ) निवडावा, आणि गेल्या वेळी हॉलिवूडच्या गटारांत वैतागून सोडून दिला तसा या वेळी सुटू नये यासाठी काय करावे?

आधी उत्तराचा गाभा सांगतो. अनऑफिशियल, म्हणजे कंपनीबाहेरच्या माणसाने बनवलेल्या, पॅचशिवाय खेळू नका. पहिल्या वेळेपेक्षा वेगळा क्लॅन घ्या. आणि पहिल्या एक्सपी (अनुभवाच्या) पॉइंटपासून लढाईचे एक कौशल्य वाढवत राहा. यातला तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. गेम मध्येच सोडणाऱ्यांपैकी बहुतेकांची अडचण तीच असते, आणि ती लक्षात येईपर्यंत फार उशीर झालेला असतो.

तसे का, हे समजायला थोडा इतिहास लागतो. गेम बनवला ट्रॉयका गेम्सने. ‘फॉलआउट’वर काम केलेल्या टिम केन, लिओनार्ड बोयार्स्की आणि जेसन अँडरसन यांनी काढलेला हा स्टुडिओ. व्हॉल्व्ह कंपनीचे सोर्स इंजिन (गेम ज्यावर चालतो तो सॉफ्टवेअरचा पाया) तयार होत होते तेव्हाच त्यांनी ते हाती घेतले, आणि करार असा होता की व्हॉल्व्हच्या स्वतःच्या ‘हाफ-लाइफ 2’च्या आधी ब्लडलाइन्स बाजारात येऊ शकत नाही. शेवटी 16 नोव्हेंबर 2004 रोजी दोन्ही गेम एकाच दिवशी आले. ब्लडलाइन्स त्या सावलीत झाकला गेला आणि 2005 च्या सुरुवातीलाच स्टुडिओ बंद पडला. गेम घाईत बाहेर पडल्याच्या खुणा जिथे दिसायच्या तिथेच दिसतात: गेममधल्या वस्त्यांपैकी सँटा मोनिका घासून-पुसून लख्ख, डाउनटाउन बऱ्यापैकी, हॉलिवूड ठीक, चायनाटाउन पोकळ, आणि त्यानंतर एकामागून एक मारामारीची दालने. ज्या गेमने पहिले कित्येक तास तुम्हाला बोलून, कुलूप उघडून, अंधारातून सटकून काम साधायला शिकवले, तोच शेवटी फक्त एवढे विचारतो की तुम्हाला मारता येते का.

इन्स्टॉल करताना

जीओजी या ऑनलाइन दुकानातल्या आवृत्तीत अनऑफिशियल पॅच आधीच घातलेला असतो. स्टीम या दुसऱ्या दुकानातली आवृत्ती मात्र अधिकृत 1.2 पॅचवर थांबलेली आहे. ती आजच्या संगणकावर कधी चालूच होत नाही, तर कधी किमान 16 एमबी रॅम हवी अशी हास्यास्पद तक्रार करते. तुमच्या रॅममध्ये काही खोट नाही. इतकी जास्त मेमरी जुन्या कोडला मोजताच येत नाही. पॅचसोबत येणारा लोडर हा घोटाळा निस्तरतो.

हा पॅच वर्नर श्पार हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेली कित्येक वर्षे सांभाळत आहेत, आणि तो अजूनही सुधारत असतो. म्हणून जीओजीची प्रत घेतली तरी तिच्यातला पॅच जुना असू शकतो. ताजा उतरवून त्यावर बसवा. क्रम असा ठेवा:

गेम ‘प्रोग्रॅम फाइल्स’च्या बाहेर, ड्राइव्हवर साधा फोल्डर करून तिथे इन्स्टॉल करा. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये विंडोज लिहिण्याची परवानगी अडवते. मग सेटिंग टिकत नाहीत, सेव्ह भलतीकडे जातात आणि पॅच अर्धवट बसतो. स्टीममध्ये त्यासाठी वेगळे लायब्ररी फोल्डर करता येते. त्यानंतर पॅचच्या इन्स्टॉलरला गेमच्या मूळ फोल्डरचा पत्ता द्या, म्हणजे ज्यात गेमची एक्झी फाइल आणि ‘व्हॅम्पायर’ नावाचा उपफोल्डर दोन्ही आहेत तो. त्या उपफोल्डरच्या आत पॅच टाकणे ही नेहमीची चूक. गेम चालतो, पण पॅच लागू होत नाही आणि कुठेही तसा इशारा मिळत नाही.

नव्या पॅचमध्ये सगळे बदल स्वतंत्र फोल्डरमध्ये जातात आणि गेमला सुरू होताना तो फोल्डर वापरायला सांगावे लागते. पॅचने बनवलेला शॉर्टकट हे काम आपोआप करतो. स्टीमच्या ‘प्ले’ बटणावरून सुरू करायचा असेल तर लाँच ऑप्शन्समध्ये तोच पॅरामीटर लिहावा लागतो. तो पॅचच्या रीडमीमधून जसाच्या तसा उचला. पॅच खरोखर चालू आहे का, हे तपासायची सोपी खूण आहे: नवीन गेम सुरू करून एक सेव्ह करा आणि ती कोणत्या फोल्डरमध्ये पडली ते बघा. पॅचच्या फोल्डरमध्ये पडली असेल तर ठीक. मूळ ‘व्हॅम्पायर’ फोल्डरमध्ये पडली असेल तर तुम्ही विनापॅच गेम खेळत आहात.

जुन्या सेव्ह जपून ठेवल्या असतील तर त्यांचा मोह सोडा. वेगळ्या पॅचवरच्या किंवा विनापॅच सेव्ह उघडल्यासारख्या वाटतात, पण पात्रांच्या स्क्रिप्ट जुळत नाहीत आणि चार-सहा तासांनी एखादी क्वेस्ट (कामगिरी) कायमची अडकते. पॅचच्या बेसिक प्रकारावरून प्लसवर (दोन्ही खाली समजावले आहेत) जाणे किंवा उलट, यालाही हेच लागू. निवड एकदाच करा आणि गेम संपेपर्यंत पॅच बदलू नका.

ग्राफिक्सबाबत फार खटाटोप नको. व्ही-सिंक (चित्रांचा वेग पडद्याशी जुळवणारी सेटिंग) चालू ठेवा किंवा फ्रेमरेट (सेकंदाला दिसणारी चित्रे) 60 वर बांधा. इंजिन 2004 च्या हिशोबाचे आहे. फ्रेमरेट मोकाट सोडला तर फिजिक्स आणि स्क्रिप्टवर चालणारे प्रसंग बिघडू शकतात. टेक्स्चर (पृष्ठभागांची चित्रे) बदलणारे मोठमोठे मॉड (चाहत्यांनी केलेले बदल) पहिल्याच झटक्यात घालू नका. काही बिघडले तर दोष कुणाचा ते कळणार नाही. शिवाय या गेमचा मळकट, पिवळ्या दिव्यांचा रंग बदलला की अर्धी मजा जाते.

बेसिक की प्लस

बेसिक म्हणजे चुका दुरुस्त केलेला मूळ गेम. प्लस म्हणजे ट्रॉयकाने कापलेले किंवा अर्धवट सोडलेले तुकडे परत जोडलेला, आणि काही ठिकाणी पॅचकाराच्या मतानुसार बदललेला गेम. प्लसमध्ये पात्र बनवताना ‘हिस्ट्री’ निवडता येते. पात्राचा पूर्वेतिहास, त्याचा एक फायदा आणि एक तोटा अशी ही सोय मूळ फाइलींत होती, पण बंद करून ठेवलेली. त्याखेरीज काही ठिकाणे, संवाद आणि छोट्या क्वेस्ट परत येतात.

पहिल्यांदा खेळणाऱ्याला बेसिक सांगितला जातो, आणि ते बरोबर आहे. परत येणाऱ्याला मी प्लस सांगेन. एकच सावधगिरी: प्लसमध्ये काही आकडे, वस्तूंच्या जागा आणि डिसिप्लिनचे (व्हॅम्पायरांच्या खास शक्तींचे) परिणाम बदललेले आहेत, त्यामुळे जुनी मार्गदर्शिका उघडून ओळीबरहुकूम चालाल तर फसाल. ‘अमुक कपाटात अमुक वस्तू’ असे वाचले आणि ती तिथे नसली, तर तो बग समजू नका. क्लॅन क्वेस्ट मॉडसारखे मोठे मॉड स्वतःच्या ठरावीक आवृत्तीवर बांधलेले असतात. ते घ्यायचे असतील तर वेगळ्या फोल्डरमध्ये, वेगळ्या प्रतीवर.

कोणता क्लॅन

खेळायला सात क्लॅन आहेत: ब्रुहा, गँग्रेल, मॅल्केव्हियन, नॉसफेरॅटू, टोरिअडोर, ट्रेमेअर, व्हेंट्रू. यातले पाच कमी-अधिक फरकाने एकच गेम देतात. उरलेले दोन गेमच बदलतात, आणि पुन्हा खेळण्याचे खरे कारण तेच दोन आहेत.

मॅल्केव्हियन हा वेड्या द्रष्ट्यांचा क्लॅन. त्याचे जवळजवळ सगळे संवाद वेगळे लिहिलेले आहेत आणि वेगळ्या फाँटमध्ये दिसतात. त्याच्या कानात कुजबुज चालू असते, टीव्हीवरचा वृत्तनिवेदक त्याच्याशी बोलतो, आणि रस्त्यावरच्या ‘स्टॉप’च्या पाटीशी त्याचे भांडण होते. पण हे वरवरचे विनोद. मुख्य गोष्ट अशी की मॅल्केव्हियनला कथेतली गुपिते आधीच ठाऊक आहेत. तो लोकांना ज्या विचित्र नावांनी हाका मारतो, त्यांत ती व्यक्ती खरी कोण आहे हे उघड सांगितलेले असते. पहिल्यांदा खेळणाऱ्याला ती बडबड वाटते. गेम एकदा माहीत झाल्यावर तीच वाक्ये वाचताना लेखकांनी किती बारकाईने काम केले आहे ते दिसते. तुम्ही हॉलिवूडपर्यंत पोचला होतात, म्हणजे सँटा मोनिका आणि डाउनटाउनमधले बरेचसे इशारे तुम्हाला आता कळतील. त्याच्या डिसिप्लिन ऑस्पेक्स (तीक्ष्ण जाणीव), डिमेंटेशन (समोरच्याला वेडावणे) आणि ऑब्फस्केट. तिसरीमुळे अदृश्य होता येते, पण खालच्या पातळीवर फक्त उभे राहून. हालचाल केली की ती तुटते, म्हणून तिथेच थांबू नका, पुढच्या पातळ्या घ्या.

नॉसफेरॅटू विद्रूप असतो. माणसांनी पाहिले की मॅस्करेडचा, म्हणजे व्हॅम्पायरांनी माणसांपासून लपून राहण्याच्या नियमाचा, भंग. म्हणजे सँटा मोनिकाच्या ज्या रस्त्यावर इतर क्लॅन निवांत फिरतात, तिथे तुम्हाला गटारांतून, छपरांवरून, गल्लीतून जावे लागते. मोहात पाडायचे संवाद जवळपास बाद. पण हॉरर म्हणून खेळायचे असेल तर याच्याइतका योग्य क्लॅन दुसरा नाही, कारण इथे शहरच शत्रू होते. तोटा असा की पहिले दोन-तीन तास संथ जातात.

बाकीच्यांबद्दल पटकन: टोरिअडोर सर्वांत सोपा, कारण सेलेरिटीने वेळ मंद होते आणि बोलण्यातही तो मागे पडत नाही. मात्र त्याची ह्युमॅनिटी (माणुसकीचा आकडा) जाते आणि येते ती दुपटीने. ब्रुहा सरळ ठोसेबाज, पण भडकून ताबा सुटायचा धोका जास्त. गँग्रेलची नखे शेवटच्या टप्प्यात फार कामाची, बोलण्यात मात्र तो ठोकळा. ट्रेमेअरची थॉमटर्जी जादू पहिल्या पातळीपासून उपयोगी पडते. ‘ब्लड स्ट्राइक’ शत्रूला मारते आणि त्याचे रक्त तुमच्याकडे आणते, त्यामुळे साठा लवकर संपत नाही. व्हेंट्रूला डॉमिनेट (दुसऱ्याच्या मनावर ताबा) मिळते, तीही संवादांत वापरता येते, पण उंदीर आणि रस्त्यावरच्या गरिबांचे रक्त त्याला पचत नाही, उलटून पडते. लांबलचक गटारांत, जिथे उंदरांशिवाय खायला काही नाही, तिथे व्हेंट्रूचे हाल होतात. गेल्या वेळी तोच घेतला असेल तर गेम का सुटला याचे निम्मे उत्तर इथेच आहे.

डॉमिनेट आणि डिमेंटेशनच्या संवादांना रक्त खर्च होते. साठा रिकामा असेल तर तो पर्याय वापरता येत नाही. महत्त्वाच्या माणसाला भेटायला जाण्याआधी पोट भरून जा.

एक्सपीचा हिशोब

या गेममध्ये शत्रू मारल्याबद्दल एक्सपी मिळत नाही, काम पूर्ण केल्याबद्दल मिळतो. म्हणून रस्त्यात दिसेल त्याला बडवणे हा रक्ताचा, गोळ्यांचा आणि आरोग्याचा निव्वळ तोटा आहे. उलट प्रत्येक छोटी क्वेस्ट घेणे फायद्याचे, कारण एकूण एक्सपी मर्यादित आहे आणि सगळे काही वाढवणे शक्य नाही.

पात्राच्या पानावर अ‍ॅट्रिब्यूट आणि अ‍ॅबिलिटी असे ठिपके असतात, प्रत्येकी पाचपर्यंत. प्रत्यक्ष कामाला येते ती त्या दोघांची बेरीज. बुक्क्यांसाठी स्ट्रेंग्थ आणि ब्रॉल, तलवार-काठीसाठी स्ट्रेंग्थ आणि मेली, बंदुकीसाठी पर्सेप्शन आणि फायरआर्म्स, कुलुपांसाठी डेक्स्टेरिटी आणि सिक्युरिटी, लपण्यासाठी डेक्स्टेरिटी आणि स्टेल्थ, संगणकासाठी विट्स आणि कॉम्प्युटर. पुढचा प्रत्येक ठिपका आधीच्यापेक्षा महाग. यातून दोन नियम निघतात. एक, एकाच अ‍ॅट्रिब्यूटवर दोन उपयोगी कामे टांगता येतील असे बघा. डेक्स्टेरिटी वाढवली की कुलूप आणि लपणे दोन्ही सुधारतात, स्ट्रेंग्थने हात आणि शस्त्र दोन्ही. दोन, आधी स्वस्त ठिपके घ्या. बेरीज तीच वाढते, खर्च कमी होतो.

पुस्तके शोधा. काही पुस्तके वाचून अ‍ॅबिलिटीचा ठिपका फुकट मिळतो, पण वाचण्यासाठी रिसर्चची ठरावीक पातळी लागते आणि ते कौशल्य आधीच वर गेले असेल तर पुस्तक वाया जाते. म्हणून ज्या कौशल्याचे पुस्तक हाती येणार आहे त्यावर आधीच एक्सपी उधळू नका.

आता लढाई. सुरुवातीला बंदुका दुबळ्या असतात. व्हॅम्पायरांवर गोळ्यांचा परिणाम कमी होतो, आणि फायरआर्म्स कमी असेल तर नेम इतका हलतो की समोरचा माणूस चुकतो. सँटा मोनिका आणि डाउनटाउनमध्ये हाताचे शस्त्र घ्या. बंदुकीकडे वळायचे असेल तर अर्धवट वळू नका, पर्सेप्शन आणि फायरआर्म्स दोन्ही वर न्या. ऑस्पेक्स असलेल्या क्लॅनला हे सोयीचे पडते.

माझे ठाम मत: चायनाटाउनला पोचेपर्यंत एक मारायचे कौशल्य आणि एक लढाईत चालणारी डिसिप्लिन चांगली वर असलीच पाहिजे. सेलेरिटी, पोटेन्स (ताकद), फोर्टिट्यूड (सहनशक्ती), प्रोटिअन (गँग्रेलची नखे), थॉमटर्जी यांपैकी काहीही. डॉमिनेट आणि डिमेंटेशनने रखवालदार झोपतात, पण मोठे बॉस त्यांना फारशी दाद देत नाहीत. फक्त गोड बोलणारे पात्र पहिले पंधरा तास राजासारखे जगते आणि नंतर प्रत्येक दारावर मरते. मोहक पात्र बनवू नका असे मी म्हणत नाही. प्रत्येक तिसरा-चौथा एक्सपी लढाईत टाका, एवढे पुरते.

मॅस्करेडचे पाच भंग झाले की खेळ खलास, आणि ह्युमॅनिटी शून्यावर गेली तरी तेच. दोन्ही सांभाळणे अवघड नाही. रक्त प्यायचे ते आडबाजूला, आणि बळीचे रक्त संपण्याआधी सोडून द्यायचे. मेला तर ह्युमॅनिटी जाते. काही क्वेस्ट पूर्ण केल्यावर मॅस्करेडचा भंग भरून निघतो, म्हणून एखादा झाला तर लगेच जुनी सेव्ह उघडायची गरज नाही. फ्रेन्झी, म्हणजे भुकेने ताबा सुटणे, बहुधा रक्त तळाला असताना मार बसला की येते. ह्युमॅनिटी कमी असेल तर जास्त वेळा. सँटा मोनिकाच्या क्लिनिकच्या तळघरात व्हँडल नावाचा माणूस रक्ताच्या पिशव्या विकतो. पैसे हाती आले की आधी त्या घ्या.

सँटा मोनिका, आणि ते हॉटेल

इथे वेळ काढा. मर्क्युरिओला मॉर्फीन आणून देणे, बीचवरचे प्रकरण, आर्ट गॅलरी, जामिनाचा दलाल, सगळे करा. क्लिनिकमध्ये हेदर नावाची मुलगी मरणाच्या दारात पडलेली असते. तिला तुमचे रक्त दिलेत तर ती पुढे तुमची घूल, म्हणजे व्हॅम्पायरच्या रक्ताने बांधली गेलेली सेविका, होते, घरी राहते, वस्तू आणि पैसे आणते. उत्तम चिलखत तिच्याकडूनच मिळते. मात्र तिला वेळीच दूर पाठवले नाही तर तिचा शेवट वाईट होतो. चिलखत हातात आले की संवादात तिला जायला सांगा, तिने कितीही विनवणी केली तरी.

जनेट आणि थेरेस या व्होअरमन बहिणींच्या भांडणात एकीचीच बाजू घ्यावी लागेल असे गेम भासवतो. दोघी वाचतील असाही मार्ग आहे. त्यासाठी शेवटच्या प्रसंगात कुणालाही झुकते माप न देता बोलावे लागते. त्या प्रसंगाआधी वेगळी सेव्ह ठेवा.

आता ओशन हाउस हॉटेल. थेरेसच्या सांगण्यावरून तिथे जाऊन मृत स्त्रीची एक वस्तू आणायची. संपूर्ण भागात मारायला एकही शत्रू नाही, आणि म्हणूनच आजही तो अंगावर येतो. आरपीजीमध्ये भीती मारणारी गोष्ट म्हणजे आकडे. समोर राक्षस आला की खेळाडू त्याचे आरोग्य आणि आपले शस्त्र यांची वजाबाकी करू लागतो. इथे ती वजाबाकीच काढून घेतलेली आहे. तुमची ताकद, बंदूक, डिसिप्लिन, कशाचाच उपयोग नाही. जिना पायाखालून कोसळून तुम्ही तळघरात पडता, तिथून बॉयलर, कपडे धुण्याची खोली, लिफ्ट असे वर चढत यायचे. इमारतीचा नकाशाही तुमच्या हातात नाही. स्वयंपाकघरात भांडी अंगावर उडतात, दिवे फुटतात. सोर्स इंजिनच्या फिजिक्सचा इतका नेमका वापर त्या काळात क्वचितच कुणी केला असेल: वस्तू खऱ्या वजनाने येऊन आदळतात, आणि लागतातही.

शिवाय गोष्ट तुकड्यातुकड्यांत सांगितली आहे. वर्तमानपत्राचे कात्रण, डायरीचे पान, कॉरिडॉरच्या टोकाला दिसून नाहीशी होणारी आकृती. कुणीही उभे राहून काय झाले ते समजावत नाही. कुऱ्हाड घेतलेला माणूस कोण आणि तो कुणाच्या मागे लागला होता, हे तुम्ही स्वतः जोडता.

प्रत्यक्षात काय करायचे: आत जाण्याआधी आरोग्य आणि रक्त पूर्ण भरा, कारण आदळणाऱ्या वस्तूंनी मरता येते. हेडफोन लावा, संगीताचा आवाज थोडा खाली आणि परिणामांचा पूर्ण ठेवा. ब्राइटनेस वाढवू नका. धावू नका. बरेचसे प्रसंग ठरावीक जागी पाऊल पडले की सुरू होतात, धावत सुटलात तर ते पाठीमागे घडून जातात. क्विकसेव्हही कमीत कमी. दर मिनिटाला सेव्ह केले की धोका उरत नाही. वस्तू मिळाल्यावर लगेच पळू नका, खोल्या बघा. पहिल्या वेळी घाईत सुटलेले बरेच काही तिथे आहे.

डाउनटाउनपासून पुढे

‘एलिझाबेथ डेन’ जहाजावर कुणालाही मारू नका. ते पोलीस आहेत, निष्पाप धरले जातात. ग्राउट या मॅल्केव्हियन प्रमुखाच्या हवेलीत त्याच्या ध्वनिफिती सापडतील तशा क्रमाने ऐका. ओशन हाउसनंतर या गेममधले सर्वोत्तम भयलेखन तिथेच आहे, आणि खेळाडू मारामारीच्या नादात ते ओलांडून जातात. डाउनटाउनमध्ये फॅट लॅरी या विक्रेत्याकडून अधिक चांगले चिलखत घ्या, पण जड चिलखताने चपळाई कमी होते हे ध्यानात ठेवा. रात्री रेडिओ लावून ‘डेब ऑफ नाइट’ ऐका, संगणकांवरचे ईमेल वाचा. छोट्या क्वेस्टचे धागे तिथे लपलेले असतात.

हॉलिवूडची गटारे. तुमचा गेम सुटला ती जागा. भाग लांब आहे, दिशा सांगणारे काही नाही, झिमिसी क्लॅनने माणसांपासून बनवलेली विद्रूप जनावरे लाटांनी येतात, आणि मध्ये कुठेही दुकान नाही. उतरण्याआधी रक्ताच्या निदान पाच-सहा पिशव्या, भरपूर गोळ्या आणि एक स्वतंत्र सेव्ह हवीच. साठवलेला एक्सपी आत्ता लढाईत खर्च करा, नंतरसाठी राखून काही मिळत नाही. अरुंद बोगद्यात एकेकाला ओढून मारा, मोकळ्या दालनात घेरले जाऊ नका. ऑब्फस्केट असेल तर बराच भाग न लढता ओलांडता येतो, आणि एक्सपी तेवढाच. भिंतीवर एका बाजूला हात धरून चाला, म्हणजे तीच वळणे परत घेतली जाणार नाहीत. खरोखरच जीव मेटाकुटीला आला तर कन्सोल (आज्ञा लिहायची खिडकी) उघडून गॉड मोड (मरण न येण्याची सोय) लावायला काही हरकत नाही. ही मांडणी फसलेलीच आहे. तिच्यापायी पुढचा गेम हुकवण्यात कसलाही पराक्रम नाही.

चायनाटाउनबद्दल फार सांगण्यासारखे नाही. कुई-जिन (आशियाई व्हॅम्पायर) आणि त्यांची पुढारी मिंग शाओ यांची कल्पना चांगली, पण वस्ती रिकामी आणि आशियाई पात्रे साचेबद्ध. 2004 मध्ये ते खपून गेले, आता खटकते. गेममधल्या बायकांच्या चित्रणातही अशा जागा आहेत. जोव्हानी कुटुंबाच्या हवेलीत मेजवानीत मिसळून शिरणे मजेचे, खालची प्रेतांची भुयारे कंटाळवाणी. सोसायटी ऑफ लिओपोल्डच्या व्हॅम्पायर-शिकाऱ्यांपुढे आडोसा धरून लढा.

ग्रिफिथ पार्कमध्ये वेअरवुल्फ मागे लागतो. त्याच्याशी समोरासमोर लढायचे नसते, काही मिनिटे जिवंत राहायचे असते. वेधशाळेत आत-बाहेर फिरत राहा, दारे आणि भिंती मध्ये ठेवा, एका जागी थांबलात की संपलात. त्याला वेधशाळेच्या जड यांत्रिक दारांत चिरडूनही मारता येते. गेम हे सांगत नाही, आणि तसे केले नाही तरी काही बिघडत नाही.

ग्रिफिथ पार्कच्या आधी हॅलोब्रूक हॉटेल, आणि नंतर मिंग शाओचे मंदिर आणि शहराचा व्हॅम्पायर-प्रमुख लाक्रोआ याचा मनोरा. तिन्ही जागी संवाद नावाला. अंत कोणता मिळणार, हे टॅक्सीतल्या संभाषणात तुम्ही कुणाची बाजू घेता यावर ठरते, आणि कुणाशी आधी कसे वागलात त्यावर तिथले पर्याय अवलंबून असतात. टॅक्सीत बसण्याआधी सगळी खरेदी उरका, रक्त भरा, उरलेला एक्सपी वाटून टाका, आणि त्या क्षणाची एक सेव्ह वेगळ्या नावाने ठेवा. एकाच सेव्हवरून मग एकाहून अधिक शेवट बघता येतात. क्विकसेव्हच्या जागेवर भरवसा ठेवू नका. मनोऱ्यात शिरल्यावर चुकून एकदा बटण दाबले की ती पुसली जाते, आणि तिथून मागे फिरून दुकानापर्यंत जायची वाट नाही.